दोन खेपांची बेरीज

"मामा, ह्या जुन्या पीसीत सी कुठला टाकू?" भाच्यानं फोनवर विचारलं, आणि त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत मी "टर्बो" म्हणून मोकळा झालो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "दुसरा काही मिळायचाच नाही का तेव्हा?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन विषय बदलला. ताईची चौकशी केली, पावसाची केली. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. इतकी वर्षं ह्याच सॉफ्टवेअरच्या धंद्यावर घर चाललं. कंपन्यांसाठी डेटाबेस निवडले, सर्व्हर निवडले, कुठला फ्रेमवर्क घ्यावा यावर तासन्‌तास मीटिंगा झोडल्या. पण ज्याच्यावर सगळं शिकलो तो कम्पायलर, म्हणजे सी भाषेत लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्रॅम, मी निवडला कधी? तो आला होता. फ्लॉपीतून आला, लेबलवर बॉलपेननं 'टीसी', म्हणजे टर्बो सी, लिहिलेलं होतं, आणि आला तो वीज किंवा नळाच्या पाण्याइतका गृहीत धरला गेला.

झालं होतं असं, की ताईच्या दिरांनी कुठल्याशा शेतकी ऑफिसच्या जुन्या सामानाच्या लिलावात एक लॉट उचलला. त्यांना हवी होती लोखंडी कपाटं. कपाटांबरोबर एक पीसी-एक्सटी गळ्यात पडला. आयबीएमची नक्कल असलेलं देशी असेंबल केलेलं यंत्र. ८०८८ प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, सव्वापाच इंची दोन फ्लॉपी ड्राइव्ह, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर. हार्ड डिस्क होती २० एमबीची, ती चालू केल्यावर जरा खरखरली आणि कायमची गप्प झाली. मी गणपतीत गेलो तेव्हा माजघरातल्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर हे धूड मांडलेलं होतं. मागचा पंखा सुरू झाला आणि तापलेल्या धुळीचा तो वास आला. तोच वास, ज्यासाठी आम्ही कॉम्प्युटर क्लासच्या दाराशी चपला काढून, पाय पुसून, पडदा सारून आत जायचो. एसी माणसांसाठी नसायचा, यंत्रासाठी असायचा. फ्लॉपी सरकवली, वरची खिट्टी आडवी फिरवली, ड्राइव्हचा लाल दिवा लागला, आणि माझ्याआधी माझ्या बोटांनाच सगळं आठवलं.

भाच्याला मात्र ह्यातलं काहीच हळवं वाटत नव्हतं, आणि ते बरंच होतं. तो डिप्लोमा करून आता साखर कारखान्यांना वजनकाट्याचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये आहे. त्याचा प्रश्न सरळ होता. यंत्र चालू आहे, हार्ड डिस्क मेलेली आहे, ३६० केबीच्या दोन फ्लॉपींवर सगळं भागवायचंय, आणि काटा-पावतीचा एक छोटा प्रोग्रॅम ह्यावर चालवून दाखवायचाय. हौस म्हणून. हार्ड डिस्कच्या जागी सीएफ मेमरी कार्ड बसवता येतं हे त्यालाही माहीत होतं. "पण मग मजा काय?" हे त्याचंच म्हणणं. त्यानंच आधी सुचवलं होतं, की ओपन वॉटकॉम हा कम्पायलर लॅपटॉपवर टाकू, तो अजूनही डॉस ह्या जुन्या सोळा बिटांच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कोड काढून देतो, तयार ईएक्सई फाइल फ्लॉपीवर घालून इकडे आणू. अगदी शहाणपणाचा मार्ग. मी तो हाणून पाडला. लॅपटॉपनं स्वयंपाक करायचा आणि ह्या बिचाऱ्यानं नुसतं वाढायचं, तर त्याला माजघरात आणून बसवला कशाला? कम्पायलर ह्याच यंत्रावर चालला पाहिजे, एवढी अट मी घातली. अट घातली की निवड करावी लागते.

आणि इथेच माझं 'टर्बो' अडखळलं. टर्बो सी २.० ची टीसी ही मुख्य फाइल, म्हणजे एडिटर, कम्पायलर आणि तुकडे जोडून चालता प्रोग्रॅम करणारा लिंकर सगळं एकत्र असलेली, एकटीच ३६०च्या फ्लॉपीचा बहुतेक भाग खाऊन टाकते. प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार हेडर फायली आणि लायब्ररी दुसरीवर. मग तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम कुठे ठेवायचा? क्लासमध्ये हा प्रश्न मला पडला नव्हता, कारण तिथे हार्ड डिस्क असलेली यंत्रं होती. नंतर कॉलेजात तर टर्बो सी++ ३.० चा तो निळा पडदा आला. आणि तो इतका मुक्कामाला राहिला, की चौसष्ट बिटांच्या विंडोजनं सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालवणं बंद केल्यावरही कॉलेजांनी डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये घालून तो जिवंत ठेवला. व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन, शेवटी गेटसीएच. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ह्या तीन ओळी नसतील तर सर सही करायचे नाहीत. आमच्या पिढीला सी भाषा आणि टर्बो काढणाऱ्या बोर्लंड कंपनीचा कम्पायलर ह्यांत फरक आहे हे कळायला नोकरी लागावी लागली. ह्यावर आजवर इतक्या जणांनी इतकं नाक मुरडून लिहिलंय की मी त्यात भर घालत नाही. त्या निळ्या पडद्यावर माझा राग नाही, उलट पोट आहे.

पण भाच्याचा प्रश्न तसाच होता. दुसरं काय होतं?

ज्यांनी सी कम्पायलर पैसे मोजून घेतले, त्या लोकांपुढे १९८७-८८ च्या सुमाराच्या अमेरिकेत काय मांडलेलं होतं ते बघा. मायक्रोसॉफ्टचा सी साडेचारशे डॉलरच्या घरात. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टनं सुरुवातीला विकला तो सी त्यांचा नव्हताच, लॅटिस नावाच्या कंपनीचा होता. मग बोर्लंडनं टर्बो सी आणला ९९ डॉलर ९५ सेंटला. तोही मुळात बॉब जर्व्हिस यांचा विझर्ड सी, बोर्लंडनं विकत घेऊन सजवलेला. मायक्रोसॉफ्टनं लगेच क्विकसी उभा केला, त्याच किमतीत. आणि ह्या मोठ्यांच्या पायात टेक्सासमधल्या रिचर्डसन गावची मिक्स सॉफ्टवेअर नावाची कंपनी पॉवर सी विकत होती, १९ डॉलर ९५ सेंटला. त्यात कम्पायलर, लिंकर आणि वर जाडजूड पुस्तक. जाहिरातीत ते सरळ मोठ्यांच्या किमती शेजारी छापून आपली किंमत दाखवायचे. बाजारात भाजीवाली शेजारच्या गाडीकडे बोट करून भाव सांगते तसा हा रोखठोक कारभार.

ह्या स्वस्ताईत गोम होती, आणि ती मला फार आवडली. पॉवर सी आपल्या ऑब्जेक्ट फायली, म्हणजे लिंकरनं जोडायचे तुकडे, सगळ्यांसारख्या ओबीजे रूपात काढायचा नाही. त्यांची स्वतःची वेगळी मांडणी, फाइलच्या नावापुढे एमआयएक्स. म्हणजे दुसऱ्या कुणाची विकत घेतलेली लायब्ररी थेट जोडायची सोय नाही, तुमच्या घरातला पाहुणा दुसऱ्याच्या पंगतीत बसणार नाही. लायब्ररीचा मूळ कोड हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे, चुका शोधायला डीबगर हवा तर त्याचे वेगळे. एकेक गोष्ट सुटी करून विकली, आणि जी तुम्हाला नको असेल तिचे पैसे तुमच्याकडून घेतले नाहीत. वीस डॉलर खिशात असलेल्या माणसाला आधी स्वतःला विचारावं लागायचं, की बाबा, तुला नक्की काय करायचंय? मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

कारण आमच्याकडे हिशेब वेगळा होता. तेव्हा डॉलर साधारण तेरा रुपयांना. म्हणजे टर्बो सी तेराशे रुपये, आयात कर आणि परकीय चलनाची कटकट वेगळी. मायक्रोसॉफ्टचा सहा हजारांच्या आसपास. नव्या इंजिनिअरचा महिन्याचा पगार ह्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, आणि तोही खालच्या आकड्याच्या जवळ. ह्या भावात पॉवर सी सुद्धा अडीचशे रुपयांचा, म्हणजे खोलीचं भाडं. मग काय, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असो की पुण्यात, पैसे फ्लॉपीचे द्यायचे. आतला माल फुकट. आणि माल फुकट म्हटल्यावर साडेचारशे डॉलरवाला काय नि वीसवाला काय, कोण कशाला वीसवाला भरून घेईल? किंमत हा फरकच आमच्या नकाशावरून पुसला गेला. जो सगळ्यात सुटसुटीत, ज्याचं पुस्तक अप्पा बळवंत चौकात मिळतं, ज्याच्यावर शेजारचा पोरगा अडलेलं सांगू शकतो, तो जिंकला. टर्बो जिंकला तो ह्यामुळे. चांगला होता म्हणूनही, पण नुसता चांगला होता म्हणून नाही.

बोर्लंडच्या परवान्यातलं एक कलम ह्या संदर्भात मला नेहमी आठवतं. त्यांनी लिहिलं होतं, की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. कितीही जणांनी वापरा, एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी दोघं वापरत आहेत असं होऊ देऊ नका. आणि फ्लॉपीला कुलूपही घातलं नव्हतं, कॉपी होऊ नये म्हणून काही युक्ती नाही. इतकं सभ्य, माणसावर विश्वास टाकणारं कलम मी नंतर कुठल्याच परवान्यात वाचलं नाही. आम्ही ते अर्धं पाळलं. पुस्तकासारखा टर्बो सी गावभर फिरवला, फक्त ज्यानं दिला त्याच्याकडेही तो राहिलाच. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचे प्रोग्रॅम १९८४ साली आले होते, पण हे आम्हाला कोण सांगणार? सांगितलं असतं तरी काय केलं असतं, हे मी आज प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. ज्या फुकटच्या फ्लॉपीनं लाखो पोरांना परदेशी पाठवलं, तिला चोरी म्हणताना जीभ जड होते, आणि दुसरं काही म्हणताना त्याहून जड होते. पुढे बोर्लंडनं स्वतःच टर्बो सी २.०१ लोकांना फुकट उतरवून घ्यायला ठेवला. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं.

पण अगदी फुकट, आणि कायद्यानं फुकट, असाही एक कम्पायलर त्याच्या कितीतरी आधी होता. मे १९८० मध्ये डॉक्टर डॉब्ज जर्नल या मासिकात रॉन केन नावाच्या गृहस्थांनी स्मॉल-सी नावाचा कम्पायलर छापला. छापला म्हणजे अक्षरशः छापला. कम्पायलरचा सगळा मूळ कोड मासिकाच्या पानांवर, ८०८० प्रोसेसरच्या यंत्रांसाठी. वाचा, टाइप करा, वापरा. त्याच सुमारास डॉसच्या आधीच्या सीपी/एम ह्या सिस्टिमच्या यंत्रांवर लिऑर झोल्मन यांचा बीडीएस सी गाजत होता, १९७९ पासून. तो फार वेगवान, कारण तुमची फाइल एकदा मेमरीत घेतली की मध्ये मध्ये डिस्ककडे धावायचा नाही. पण तो विकत होता. (झोल्मननी तोही २००२ साली सगळ्यांसाठी खुला करून टाकला.) स्मॉल-सी मंद, तोकडा, आणि सगळ्यांचा.

तोकडा म्हणजे किती? केनच्या मूळ स्मॉल-सीत 'इंट' म्हणजे पूर्णांक आणि 'चार' म्हणजे अक्षर, एवढेच दोन प्रकार. पॉइंटर आहेत, एकपदरी ॲरे आहेत. स्ट्रक्ट नाही, अपूर्णांकांचा फ्लोट नाही, मोठ्या आकड्यांचा लाँग नाही. पुन्हा पुन्हा करायच्या कामाला फॉर सुद्धा नाही, व्हाइलवर भागवा. प्रोग्रॅम एकदाच वरून खाली वाचायचा आणि जाता जाता यंत्राच्या भाषेजवळची असेंब्ली लिहून काढायची. पुढचं काम असेंब्लरचं. जेम्स हेन्ड्रिक्स यांनी नंतर तो वाढवला, फॉर आणि स्विच घातले, आणि पुढे डॉसवर आणला. आम्ही एक्सटीवर चढवला तो हा हेन्ड्रिक्सचा. फ्लॉपीवर तो ऐसपैस मावला, वर एडिटर मावला, असेंब्लर मावला, आणि भाच्याच्या काटा-पावतीला जागा उरली.

त्यानं पहिला प्रोग्रॅम लिहिला तो दोन खेपांच्या बेरजेचा. त्याच्या रोजच्या कामातलं सगळ्यात साधं काम. उसाचा ट्रक भरून काट्यावर चढतो, रिकामा होऊन पुन्हा चढतो, वजाबाकी म्हणजे निव्वळ वजन. शेतकऱ्याच्या नावावर दिवसभराच्या खेपा मिळवत जायच्या. पहिली खेप १८,४०० किलो. दुसरी १७,२५०. एंटर मारलं. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, उणे २९,८८६.

ताई मागे चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "कारखान्यालाच ऊस देणं लागतो का आता आपण?"

सोळा बिटांचा इंट ३२,७६७ च्या पुढे मोजत नाही, पुढे गेला की उलटून उणेत जातो. हे भाच्याला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत दोन मार्कांना येतं. पण त्यानं वापरलेला इंट बत्तीस बिटांचाच होता, त्यामुळे ते त्याच्या अंगावर कधी आलं नव्हतं. टर्बोतही इंट सोळाच बिटांचा, फक्त तिथे लाँग लिहायची सोय आहे. पॉवर सीतही आहे. स्मॉल-सीत ती नाही. म्हणजे कुठला कम्पायलर घ्यायचा, ह्या प्रश्नाचं खरं रूप आता समोर आलं होतं. एका ट्रकाच्या वर ऊस घालणारा शेतकरी ह्या कम्पायलरमध्ये बसतो की नाही?

भाचा म्हणाला, सोडा, टर्बो टाकू. मी म्हटलं, काट्याची जुनी पावती आण बघू एखादी. ताईच्या ट्रंकेत सासऱ्यांच्या काळच्या पावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला, कडा तपकिरी झालेल्या, कार्बनची निळी अक्षरं फिकटलेली. पावतीवर वजनाचे दोन रकाने होते. टन आणि किलो. वेगवेगळे. १८ आणि ४००. १७ आणि २५०. हातानं पावती लिहिणाऱ्या कारकुनाला पस्तीस हजार सहाशे पन्नास अशा आकड्याशी कधी गाठच पडत नव्हती. किलोचा रकाना मिळवा, हजार झाले की एक टन हातचा, मग टनाचा रकाना मिळवा. भाच्यानं तसेच दोन इंट केले. बेरीज ३५ टन ६५० किलो. टनाच्या रकान्यात आता बत्तीस हजार टन मावतात, तेवढा ऊस त्याच्या अख्ख्या गावात होत नाही.

मला ह्यातून स्वस्त कम्पायलरची थोरवी गायची नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. अडचणीमुळे बुद्धी तल्लख होते हे सांगणारे लोक बहुधा अडचणीबाहेर बसलेले असतात. टन-किलोचा रकाना दर प्रोग्रॅममध्ये हातानं सांभाळणं म्हणजे एके दिवशी कुणीतरी हातचा विसरणार, आणि एखाद्या शेतकऱ्याचा एक टन हवेत जाणार. लाँग आहे ते ह्याचसाठी. मला ह्यावर धंदा करायचा असता आणि त्या काळी मी रिचर्डसनच्या आसपास राहत असतो, तर मी वीस डॉलर टाकून पॉवर सी घेतला असता, एमआयएक्स फायलींसकट, आणि वर्षभरात कामं वाढली असती तर कुरकुरत टर्बोकडे गेलो असतो. हे मला आता ठामपणे सांगता येतं. फोनवर 'टर्बो' म्हणालो तेव्हा येत नव्हतं. उत्तर फार काही वेगळं नाही, पण आता ते माझं आहे.

भाच्यानं शेवटी टर्बोच घेतला. पण कारण शोधून घेतला. निळा पडदा फेकून दिला आणि टीसीसी हा नुसता कमांडवर चालणारा कम्पायलर ठेवला, सोबत टीलिंक हा लिंकर, आणि लायब्ररींपैकी फक्त स्मॉल ह्या मेमरी-मॉडेलची. मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज, ह्यूज सगळी पुसून टाकली, कारण त्याचा कोड चौसष्ट केबीच्या आत आहे आणि डेटाही. हेडर फायली बी ड्राइव्हमध्ये. बाकीचं एका फ्लॉपीवर कसंबसं बसलं. लिंक होताना दोन्ही दिवे आलटून पालटून लागतात आणि ड्राइव्हचा घरघर आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो.

मी मात्र स्मॉल-सीचा मूळ कोड छापून घेऊन पुण्याला आलो. झोपायच्या आधी चार पानं वाचतो. कम्पायलर हा प्रकार अथपासून इतिपर्यंत वाचून होतो, हेच मुळात मला नवीन होतं. टर्बोच्या पोटात काय आहे ते मी कधी बघितलं नाही, बघायला मिळणारही नव्हतं. इथे अमॅच नावाचं एक छोटंसं फंक्शन आहे, ते 'चार' आणि 'इंट' हे शब्द ओळखतं. तिथे तिसरा शब्द घालणं सोपं, दोन ओळींचं काम, ते मी केलं. खरी मारामारी त्याच्या पुढे आहे. हा कम्पायलर प्रत्येक उत्तर एएक्स ह्या एकाच सोळा बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात, धरतो. लाँगला दोन लागतात, खालचा अर्धा एएक्समध्ये, वरचा डीएक्समध्ये. आधी खालच्यांची बेरीज, मग हातच्यासकट वरच्यांची, त्यासाठी ८०८८ मध्ये एडीसी ही वेगळी आज्ञाच आहे. टन-किलोचे दोन रकाने, फक्त हजारांऐवजी पासष्ट हजार पाचशे छत्तीसला हातचा. बेरीज चालायला लागली आहे. वजाबाकीत अजून घोळ आहे, भरलेल्या ट्रकमधून रिकामा वजा केला की मधूनच ट्रक उसापेक्षा जड भरतो. रविवारी भाच्याला फोन लावून एकदा एसबीबीचा, म्हणजे हातच्यासकट वजा करणाऱ्या आज्ञेचा, क्रम तपासून घ्यायचा आहे.